प्रदर्शनातल्या छोट्या ई-रीडर कंपन्यांना मराठीबद्दल विचारायला हवे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी जानेवारीत अमेरिकेतील लास व्हेगास येथे भरणाऱ्या ‘सीईएस’ या तंत्रज्ञान प्रदर्शनाचे वृत्तांत मी आपल्या दैनिकात आवर्जून वाचते. त्यांत भिंतीएवढे टीव्ही, घडी घालता येणारे फोन आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या यांची सविस्तर माहिती असते. पुस्तके वाचण्यासाठीच बनवलेल्या ई-रीडरचा उल्लेख मात्र क्वचित येतो आणि आलाच तर ‘किंडलसारखी इतरही काही उपकरणे मांडण्यात आली होती’ एवढ्या एका ओळीवर भागवले जाते. ही ‘इतर’ उपकरणे कोणाची, ती कशी चालतात आणि त्यांवर मराठी पुस्तक धड वाचता येते का, हे वाचकाला कळायला मार्ग राहत नाही. मी ठाण्यात नौपाड्याला अक्षरजुळणीचा व्यवसाय करते. छापील पुस्तकांबरोबर प्रकाशकांना ई-पुस्तकेही तयार करून देते आणि त्या कामाच्या निमित्ताने अशी अनेक अल्पपरिचित यंत्रे माझ्या हाताखालून गेली आहेत. मराठी वाचकाच्या दृष्टीने या छोट्या कंपन्यांचे स्टॉल हा अशा प्रदर्शनांतला अतिशय महत्त्वाचा भाग आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते का झाले, हे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र नेहमीपेक्षा बरेच लांबले आहे, पण विषय नीट उलगडून सांगायचा तर त्याला इलाज नाही.

ई-रीडरचा पडदा मोबाइल किंवा टॅबच्या पडद्यापेक्षा मुळातच निराळा असतो. त्यात साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढ्या असंख्य सूक्ष्म कुप्या असतात. प्रत्येक कुपीतल्या पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगत असतात. दोन्ही कणांवरचा विद्युतभार परस्परविरुद्ध असल्यामुळे खालून जसा विद्युतदाब द्यावा तसे पांढरे किंवा काळे कण वर येतात आणि पडद्यावर अक्षर उमटते. उमटलेले अक्षर टिकवायला वीज लागत नाही. ती मुख्यतः पान उलटताना लागते, म्हणून एकदा चार्ज केलेले यंत्र कित्येक दिवस, पुष्कळदा काही आठवडेही चालते. या पडद्याच्या मागे दिवा नसतो. खोलीत किंवा अंगणात जो उजेड असेल त्यातच अक्षरे दिसतात आणि भर उन्हात ती अधिकच स्वच्छ दिसतात. रात्रीच्या वाचनासाठी कडेने पडद्यावर मंद प्रकाश पसरवण्याची सोय २०१२ पासून रूढ होऊ लागली आणि आता ती बहुतेक यंत्रांत असते.

या तंत्राचे मूळ अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत आहे. त्यासाठी १९९७ मध्ये ‘ई इंक’ ही कंपनी स्थापन झाली. २००९ मध्ये तैवानच्या ‘प्राइम व्ह्यू इंटरनॅशनल’ने ती विकत घेतली आणि पुढे स्वतःच ‘ई इंक’ हे नाव धारण केले. आज जगात विकल्या जाणाऱ्या बहुतेक सर्व ई-रीडरचे पडदे या एकाच कंपनीकडून येतात. ॲमेझॉनचे किंडल, टोरांटोची कोबो, कीव्ह येथे २००७ मध्ये सुरू होऊन पुढे स्वित्झर्लंडमधील लुगानो येथून कारभार करणारी पॉकेटबुक, चीनमधील ग्वांगझूची ओनिक्स बूक्स, नॉर्वेची रिमार्केबल, या सगळ्यांचा पडद्यापुरता घाऊक पुरवठादार एकच आहे. त्यामुळे छोट्या कंपनीचा पडदा निकृष्ट असणार, ही आपल्याकडची सर्वसाधारण समजूत बरोबर नाही. फरक असतो तो मुख्यत्वे आतल्या सॉफ्टवेअरमध्ये. मराठी पान नीट दिसणार की मोडणार, याचा निकालही तिथेच लागतो. म्हणून प्रदर्शनात पडद्याचा आकार आणि किंमत टिपून घेणाऱ्या वार्ताहराने सॉफ्टवेअरचीही चौकशी करावी, असे मला वाटते.

छोट्या कंपन्यांची ही हालचाल नवी नाही. सोनीने २००४ मध्ये जपानमध्ये ‘लिब्रिए’ हे इलेक्ट्रॉनिक शाईचे पहिले वाचनयंत्र बाजारात आणले, २००७ च्या नोव्हेंबरात किंडल आले आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत युरोप, चीन आणि अमेरिका येथील कितीतरी उद्योजकांनी या क्षेत्रात उडी घेतली. ७ ते १० जानेवारी २०१० या काळात झालेले सीईएस तर ई-रीडरचेच प्रदर्शन वाटावे, इतकी ही यंत्रे तिथे मांडलेली होती. केंब्रिजच्या संशोधकांनी २००० मध्ये काढलेल्या आणि जर्मनीत ड्रेस्डेनला कारखाना उभारलेल्या ‘प्लास्टिक लॉजिक’ने तिथे ‘क्यू’ नावाचे यंत्र सादर केले. त्याच्या पडद्यातील विद्युतमंडल काचेऐवजी प्लास्टिकवर उभारलेले होते, त्यामुळे पडदा मोठा असूनही यंत्र हलके होते. हर्स्ट या अमेरिकी वृत्तपत्रसमूहाच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या ‘स्किफ’ने ११.५ इंची पडद्याचे, जेमतेम पाव इंच जाडीचे यंत्र मांडले. त्याच्या पडद्याला काचेऐवजी पातळ पोलादी पत्र्याचा आधार होता आणि वृत्तपत्राचे पान वृत्तपत्रासारखेच दिसावे, हा त्यामागचा उद्देश होता. ‘आँतुराज एज’ हे यंत्र पुस्तकासारखे उघडत असे. त्याच्या एका अंगाला लेखणीने टिपणे काढता येतील असा ई-इंकचा पडदा होता आणि दुसऱ्या अंगाला रंगीत पडदा. ‘स्प्रिंग डिझाइन’च्या ‘ॲलेक्स’मध्ये वर सहा इंची ई-इंक आणि खाली छोटा रंगीत पडदा अशी मांडणी होती आणि आत ॲन्ड्रॉइड होते. बंगळूरूच्या ‘नोशन इंक’ने ‘ॲडम’ हा टॅब तिथे दाखवला. त्याचा ‘पिक्सेल ची’ कंपनीचा पडदा मागचा दिवा बंद करताच उन्हात कृष्णधवल कागदासारखा वाचता येत असे. एक भारतीय कंपनी त्या गर्दीत आपली कल्पना घेऊन उभी होती, याचे मला आजही कौतुक वाटते.

त्या यंत्रांचे पुढे काय झाले, हे समजून घेणे ग्राहक म्हणून आपल्या हिताचे आहे. प्रदर्शनाला तीन आठवडे होण्याच्या आतच, २७ जानेवारीला, ॲपलने आयपॅड जाहीर केला आणि मोठ्या आकाराच्या, महागड्या वाचनयंत्रांचा ग्राहक तिकडे वळला. ‘क्यू’ची किंमत ६४९ डॉलरपासून सुरू होत होती. किंडल तेव्हा २५९ डॉलरना मिळत होते. जून २०१० मध्ये ‘बार्न्स अँड नोबल’ या अमेरिकी पुस्तकविक्रेत्या कंपनीने आपल्या ‘नूक’ या वाचनयंत्राची किंमत २५९ वरून १९९ डॉलरवर आणली, त्याच दिवशी ॲमेझॉनने किंडल १८९ डॉलरवर आणले आणि ऑगस्टमध्ये तर वाय-फायचे नवे किंडल १३९ डॉलरना मिळू लागले. पुस्तकांच्या विक्रीतून नफा कमावणाऱ्या कंपन्या यंत्रावर फार नफा न घेता ते विकू शकत होत्या. केवळ यंत्र विकून जगणाऱ्या छोट्या कंपन्यांना ते परवडणारे नव्हते. ‘क्यू’ ऑगस्टमध्ये रद्द झाले आणि ग्राहकाच्या हाती ते कधी आलेच नाही. ‘स्किफ’चे सॉफ्टवेअर जूनमध्ये न्यूज कॉर्प या माध्यमसमूहाने विकत घेतले, यंत्र मात्र बाजारात आले नाही. फिलिप्समधून वेगळी झालेली नेदरलँड्सची ‘आयरेक्स’, जिचे लेखणीने लिहिता येणारे ‘इलियड’ २००६ मध्येच आले होते, त्याच जून महिन्यात दिवाळखोरीत गेली. रंगीबेरंगी आणि स्वस्त ‘कूलर’ वाचनयंत्र बनवणारी ब्रिटनची ‘इंटररीड’ही त्याच वर्षी बंद पडली आणि ‘एज’ २०११ मध्ये संपले. आपल्याकडे अहमदाबादच्या इन्फिबीमने २०१० मध्येच ‘पाय’ नावाचे वाचनयंत्र दहा हजारांच्या आसपास किमतीत, भारतीय भाषांतील पुस्तकेही त्यावर वाचता येतील अशा दाव्यासह आणले होते. तेही फार काळ टिकले नाही.

या पडझडीवरून छोट्या कंपनीचे यंत्र घेऊच नये, असा निष्कर्ष काढणारे बरेच भेटतात. मला तो मान्य नाही. बंद पडलेल्या कंपनीचे यंत्र पडदा आणि बॅटरी शाबूत असेपर्यंत चालतच राहते आणि त्यात ‘इपब’सारख्या खुल्या स्वरूपातली पुस्तके केबलने भरता येत असतील, तर कंपनी उरली काय आणि न उरली काय, वाचकाचे फारसे अडत नाही. अडते ते पुस्तक विकणाऱ्या दुकानाच्याच कुलपात बंद असेल तर, आणि असे कुलूप मोठ्या कंपन्यांनीही लावलेले आहे. सोनीच्या त्या पहिल्या ‘लिब्रिए’वर घेतलेले पुस्तक ६० दिवसांनी आपोआप उघडेनासे होई. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने हक्कांच्या वादातून ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली काही पुस्तके त्यांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली आणि नंतर त्याबद्दल माफी मागितली. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा ग्राहकांना पैसे परत मिळाले, पण पुस्तके गेली. २६ फेब्रुवारी २०२५ पासून तर किंडलवर विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात भरण्याची सोयही ॲमेझॉनने काढून टाकली. तेव्हा कंपनी मोठी आहे म्हणून पुस्तक सुरक्षित आहे, असे समजण्यात अर्थ नाही.

आता मराठीकडे वळते. गेल्या हिवाळ्यात वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात भरलेल्या एका तंत्रज्ञान प्रदर्शनाला मी गेले होते. एका टोकाच्या रांगेत परदेशी बनावटीच्या, आपल्याकडे फारशा माहीत नसलेल्या एका कंपनीचे ई-रीडर मांडलेले होते. यंत्र हातात घेताच आवडावे असे होते. ७.८ इंची पडदा, एका कडेला पान उलटण्याची बटणे, वजन बेताचे. तिथल्या तरुण प्रतिनिधीच्या परवानगीने मी माझ्याजवळची चाचणीची इपब फाइल त्यात भरली. ही फाइल एका पानाची आहे आणि मराठीत जिथे जिथे यंत्र अडखळू शकते अशी अक्षरे मी तिच्यात मुद्दाम गोळा केलेली आहेत. पान उघडले आणि पहिल्याच ओळीतला ‘विद्यार्थ्यांच्या’ हा शब्द विस्कटून समोर आला. ‘वि’ची पहिली वेलांटी ‘व’च्या मागे जाऊन पडली होती, ‘द्य’ फुटून पाय मोडलेला ‘द’ आणि ‘य’ सुटे उभे होते, रफार वर चढायच्या ऐवजी ‘र’ खालीच राहिला होता आणि अनुस्वाराचे टिंब आपले अक्षर सोडून पलीकडच्या ‘च’वर सरकले होते. त्याखालच्या ओळीत ‘वाऱ्यावर’मधला आडवा ‘र’ नाहीसा होऊन तिथे साधा रफार आला होता. अशा पानाचे वाचन कोणीही दोन मिनिटांपेक्षा अधिक काळ करू शकणार नाही.

त्याच टेबलावर त्याच कंपनीचे दुसरे यंत्र होते. त्यावर तीच फाइल उघडली आणि ते पान अगदी निर्दोष दिसले. पडद्याचा आकार तोच, बनवणारी कंपनी तीच, फक्त पहिल्या यंत्रात कंपनीचे स्वतःचे छोटे सॉफ्टवेअर होते आणि दुसऱ्यात ॲन्ड्रॉइड. प्रतिनिधीने दोन्ही पडदे शेजारी ठेवून त्यांचे फोटो काढून घेतले आणि मला म्हणाला, “मॅडम, हे आजपर्यंत आम्हाला कोणी दाखवलंच नव्हतं. सगळे बॅटरी किती चालते तेच विचारतात.” त्याच्या बोलण्यात टाळाटाळ नव्हती आणि मला ते अगदी खरे वाटले. कंपनीच्या कारखान्यात बसलेल्या अभियंत्याला मराठी येत नाही, भारतात यंत्र विकणाऱ्याला सॉफ्टवेअर कळत नाही आणि ग्राहक इंग्रजी पुस्तक उघडून पाहतो. मग ही चूक कोणाच्या लक्षात येणार?

या दोषामागचे कारण थोडक्यात सांगते. युनिकोड या संगणकावर अक्षरे साठवण्याच्या जागतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान आहे, पण तिथे साठवली जातात ती अक्षरे आणि चिन्हे उच्चाराच्या क्रमाने, एकापुढे एक, सुटी. त्यांतली कोणती जोडायची, कोणती वर चढवायची, वेलांटी कुठे आणून ठेवायची, हे पान दाखवताना सॉफ्टवेअरने त्या त्या फॉन्टमधील नियम वाचून ठरवायचे असते. इंग्रजीला हे काम जवळजवळ लागतच नाही, म्हणून स्वस्तात बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते केलेलेच नसते. आडव्या ‘र’साठी तर कधी कधी मजकुरात एक न दिसणारे चिन्ह घातलेले असते आणि ते निरुपयोगी समजून सॉफ्टवेअरने गाळले की शब्द बदलतो. हे सारे काम करणारे ‘हार्फबझ’ हे खुले सॉफ्टवेअर विनामूल्य उपलब्ध आहे. ॲन्ड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्स तेच वापरतात आणि कोबो, पॉकेटबुक यांसारख्या यंत्रांवर बसवता येणारे ‘केओरीडर’ हे खुले वाचन-सॉफ्टवेअरही तेच वापरते. म्हणजे छोट्या कंपनीला मराठी नीट दाखवण्यासाठी नवा शोध लावायचा नाही. जे तयार आहे ते आपल्या यंत्रात बसवायचे आहे आणि मराठी वाचणाऱ्या एखाद्या माणसाकडून तपासून घ्यायचे आहे.

फॉन्टचा मुद्दाही इथेच येतो. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे आहेत आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवून दिलेली आहे. तरीही अनेक यंत्रांवर मराठी पुस्तक हिंदी वळणात दिसते, कारण पुस्तकाची भाषा मराठी आहे ही फाइलमध्ये लिहिलेली सूचना सॉफ्टवेअर वाचतच नाही. ज्या यंत्रात वाचकाला स्वतःचा फॉन्ट भरता येतो तिथे हा प्रश्न चटकन सुटतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेल्या ‘मुक्ता’सारखे मुक्त परवान्याचे देखणे देवनागरी फॉन्ट आज कोणालाही विनामूल्य मिळतात. आपला फॉन्ट भरण्याची मुभा देण्यात छोट्या कंपन्या पूर्वीपासून उदार राहिलेल्या आहेत आणि मला त्या जवळच्या वाटतात, त्याचे हेही एक कारण आहे.

देवनागरीला पडद्याची घनताही इंग्रजीपेक्षा अधिक लागते. शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा आणि अनुस्वार यांची गर्दी होते, खाली उकार आणि जोडाक्षराचा खालचा भाग असतो. सुरुवातीच्या सहा इंची यंत्रांवर एका इंचात १६७ ठिपके असत आणि त्यांवर ‘र्थ्यां’वरचा रफार आणि अनुस्वार मिळून एक काळा डाग होई. आता ३०० ठिपक्यांचे पडदे सर्रास मिळतात आणि त्यांवरचे मराठी अक्षर छापील अक्षराच्या तोडीचे असते. रंगीत ई-इंकविषयी मात्र ग्राहकांनी सावध असावे. ‘कॅलिडो ३’ या प्रचलित रंगीत पडद्यावर कृष्णधवल अक्षरे ३०० ठिपक्यांची असली, तरी रंगाची घनता १५० चीच असते, आणि वरच्या रंगीत जाळीमुळे पान काहीसे काळपट दिसते. मुलांच्या चित्रमय पुस्तकांसाठी तो पडदा चांगला आहे. कादंबऱ्या वाचणाऱ्याने साधा पडदाच घ्यावा, असे मी सुचवीन.

आणखी एक गोष्ट वार्ताहरांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्टॉलवर लावलेल्या नावाची कंपनी यंत्र स्वतः बनवते असे नाही. चीनमधील त्यान्जिनच्या ‘जिन्के’ कंपनीचे २००७ च्या सुमाराचे ‘हानलिन’ हे एकच यंत्र नेदरलँड्समध्ये ‘बीबुक’, अमेरिकेत ‘ईझी रीडर’ आणि युक्रेनमध्ये ‘एलबुक’ अशा निरनिराळ्या नावांनी विकले जात होते. आजही अशी अनेक नावे बाजारात आहेत. म्हणून सॉफ्टवेअर कोण लिहिते, ते किती वर्षे सुधारून दिले जाईल आणि मराठीतला दोष कळवायचा तर कोणाला, हे विचारल्याशिवाय त्या स्टॉलची बातमी पुरी होत नाही.

यंत्रांना दोष देताना आपल्या पुस्तकांची स्थितीही सांगायला हवी. किंडलच्या दुकानात मराठी पुस्तके अधिकृतपणे आली ती डिसेंबर २०१६ मध्ये, हिंदी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम यांच्याबरोबर. त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी माणसे आपापल्या परीने ई-पुस्तके करत होती. आमच्या ठाण्यातल्या ई-साहित्य प्रतिष्ठानाने तर विनामूल्य मराठी ई-पुस्तके घरोघरी पोहोचवण्याचे व्रतच घेतलेले आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचीही पुष्कळ मोलाची पुस्तके संकेतस्थळावर मोफत उतरवून घेता येतात. १८९३ मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय ज्या शहरात आहे, तिथल्या वाचकाला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको. अडचण अशी की आपल्याकडची बहुतांश मोफत ई-पुस्तके पीडीएफ स्वरूपात असतात. पीडीएफचे पान छापील पानासारखे घट्ट बांधलेले असते. सहा इंची पडद्यावर ते पान आक्रसून अक्षर मुंगीएवढे होते, मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान इकडून तिकडे सरकवावे लागते. इपबमध्ये अक्षर वाढवले की ओळी आपोआप नव्याने जुळतात. वय झालेल्या, दृष्टी मंद झालेल्या वाचकांना ई-रीडरचा सर्वांत मोठा उपयोग हाच आहे आणि नेमका तोच आपण त्यांना मिळू देत नाही.

यामागचे कारण मी रोज माझ्या टेबलावर पाहते. मराठी प्रकाशकांची दोन-अडीच दशकांतली पुस्तके युनिकोडपूर्व काळातल्या, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेल्या फॉन्टांत जुळवलेली आहेत. पडद्यावर ती मराठी दिसतात, पण फाइलच्या आत निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग असते. त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण जोडाक्षरे आणि रफार यांच्या चुका राहतातच आणि प्रत्येक पान माणसाने वाचून तपासावे लागते. हे काम वेळखाऊ आहे, त्याला पैसा लागतो आणि लहान प्रकाशकाला तो परवडत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने जे उपक्रम आखले जातील त्यांत मंडळाच्या आणि जुन्या, हक्कमुक्त पुस्तकांच्या शुद्ध युनिकोड इपब आवृत्त्या करण्याचे काम प्राधान्याने घ्यावे, अशी माझी राज्य शासनाला कळकळीची विनंती आहे. नुसते स्कॅन करून भागणार नाही.

अशी पुस्तके तयार झाली की छोट्या कंपन्यांच्या यंत्रांना आपल्याकडे खरा ग्राहक मिळेल, आणि ग्राहक दिसला की त्या कंपन्या मराठीची काळजी घेतील, असा माझा अनुभवावर आधारलेला विश्वास आहे. मोठ्या कंपनीला एका भाषेतल्या वाचकाची तक्रार ऐकायला सवड नसते. छोट्या कंपनीचा प्रतिनिधी स्टॉलवर स्वतः उभा असतो आणि दोष दाखवला तर त्याचा फोटो काढून पाठवतो. वाशीच्या त्या प्रतिनिधीने नंतर मला ईमेल करून ती चाचणीची फाइल मागवून घेतली आणि आपल्या अभियंत्यांकडे पाठवली. सॉफ्टवेअरची सुधारित आवृत्ती अजून आलेली नाही, पण काय बिघडते आहे हे आता त्यांना नेमके ठाऊक आहे.

आपल्या दैनिकाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली अशी की लास व्हेगास, बर्लिन, तैपेई किंवा आपले वाशी-गोरेगाव, जिथे कुठे आपला प्रतिनिधी तंत्रज्ञान प्रदर्शनाला जाईल, तिथे त्याने ई-रीडरच्या छोट्या स्टॉलवर थांबून एक मराठी पान उघडून पाहावे, ते कसे दिसले ते छायाचित्रासह छापावे आणि यंत्रात इपब केबलने भरता येते का, स्वतःचा फॉन्ट घालता येतो का, हेही लिहावे. चांगले दिसले तर कंपनीचे नाव घेऊन कौतुक करावे, बिघडले तर तेही स्पष्ट सांगावे. दुसरी मागणी आपल्या रविवार पुरवणीविषयी आहे. आज तिची ई-आवृत्ती पानाच्या चित्राच्या रूपात मिळते आणि ती ई-रीडरवर वाचणे अशक्य आहे. पुरवणीतील लेख तुमच्याकडे युनिकोडमध्ये असतातच, कारण ते संकेतस्थळावर येतात. त्यांचीच आठवड्याला एक इपब फाइल करून वर्गणीदारांना द्यावी. ‘स्किफ’च्या मंडळींना २०१० मध्ये जे मोठ्या भांडवलावर साधता आले नाही, ते वृत्तपत्राला आज आपल्या कार्यालयातल्या संगणकावर करता येईल. पहिल्या काही अंकांची जुळणी मी विनामोबदला करून देण्यास तयार आहे.

चाचणीचे ते एक पान या पत्रासोबत आपल्या ईमेलवर पाठवले आहे. त्यात जोडाक्षरे, रफार, आडवा ‘र’, ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे आणि लांब सामासिक शब्द तुटताना कुठे तुटतात ते दाखवणारा एक परिच्छेद आहे. त्याखाली तेच पान नीट जुळले तर कसे दिसायला हवे त्याचे चित्र दिलेले आहे, म्हणजे प्रतिनिधीला ताडून पाहणे सोपे जाईल. ते पान कोणीही वापरावे, वाटावे, त्यात भर घालावी. माझी त्याला पूर्ण संमती आहे.

आपली नम्र,
एक अक्षरजुळणीकार व वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)